पोलमन मामांच्या खिशात

परवाच्या रविवारपासून कर्नल पोलमन आमच्या घरातून गायब आहे. कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे. तो कोथरूडला, बायकोच्या मामांच्या नातवाकडे आहे, आणि याचं घरात मी सोडून कोणालाही काही वाटत नाही.

ज्यांना हे व्यसन ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिवाणावर प्लायवूड टाकायचं, त्यावर नद्या-गावं मांडायची, बोटाच्या पेराएवढे धातूचे शिपाई रंगवून उभे करायचे आणि पट्टीनं मोजत, फासे टाकत जुनी लढाई पुन्हा लढायची. या वेळी जालन्याकडची असईची लढाई. 23 सप्टेंबर 1803, शिंदे-भोसल्यांविरुद्ध इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. एक शिपाई म्हणजे चाळीस माणसं धरली तरी शिंद्यांच्या कवायती पायदळालाच अडीचशेच्या वर लागले. सहा महिने अख्खं घर राबलं. चेहरे बायकोनं रंगवले. लेकीनं बुडाला रेती चिकटवली, थोडी सोफ्यालाही. आईनं तोफांच्या धुरासाठी वातींचा कापूस दिला, प्रदोषाच्या आत परत करायच्या बोलीवर. गणपतीच्या मखराचा पुठ्ठा कापून असई गाव झालं आणि एका निळ्या ओढणीच्या दोन पट्ट्या फाडून केळना आणि जुई या नद्या.

सगळं मांडून झालं आणि बेल वाजली. मामा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. खिशात शेंगदाणे.

"ही कुठली नदी?"

"केळना."

"हिला एवढं पाणी? जावईबापू, मी चार वर्षं भोकरदनला काढलीत. चप्पल न काढता ओलांडलीय मी ही."

"मामा, सप्टेंबर आहे."

"कुठल्या सालचा?"

"1803."

"तेव्हाचं आपल्याकडे रेकॉर्ड नाही," असं म्हणून त्यांनी केळना चार बोटं अरुंद केली.

मग मी माझा हुकमी किस्सा काढला. वाटाड्ये सांगत होते की नदीला पुढे उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही. वेलस्लीला दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्यानं ताडलं की इथे उतार असणारच, आणि सैन्य तिथूनच नेलं. हा किस्सा मी आवाज खाली आणून सांगतो. पाहुणे सहसा 'वा' म्हणतात.

मामा म्हणाले, "यात काय अक्कल? समोरासमोर गावं म्हणजे सोयरिकी आल्या. सोयरिकी आल्या म्हणजे उतार आलाच. वऱ्हाड काय पोहत जाणारे?"

आई खुदकन हसली. माझी आई. सहा महिन्यांत माझ्या एकाही वाक्याला ती हसली नव्हती.

"आपण जिंकतो ना पण?"

"नाही."

"मग एवढं राबलात कशाला?"

"खेळात निकाल बदलता येतो, मामा."

"असं? मग मी दौलतराव शिंदे."

"ते लवकर निघून गेले."

"बरं, भोसले."

"तेही."

"तेही? मग लढलं कोण?"

"पोलमन. शिंद्यांच्या नोकरीतला, हॅनोव्हरचा जर्मन."

"आपलं, मराठी, कोणीच नाही?"

"आहे ना. पेशव्यांचं घोडदळ." मी केळनेच्या पलीकडे बोट दाखवलं. "ते इंग्रजांकडून."

मामांचा शेंगदाणा तोंडापाशीच थांबला. आई म्हणाली, "चहा टाकते."

त्या शांततेचा फायदा घेऊन मी तोफखान्याकडे वळलो. शिंद्यांचे गोलंदाज (हा शब्द मुळात यांचा, क्रिकेटवाल्यांनी नंतर उचलला) तोफांपाशी मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले. इंग्रजांची रांग अंगावरून पुढे गेल्यावर उठले आणि पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. त्या दिवशी इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, ती काय उगाच? त्या सोंगासाठी मी मुद्दाम बारा गोलंदाज आडवे रंगवले होते. हे सांगता सांगता बघतो तर मामा एकेकाला उचलून तोफेला टेकवून ठेवताहेत. "पडले होते बिचारे."

मग खुर्ची ओढून ते खेळायलाच बसले. सहा पडले की "परत माझा डाव!" हे ल्यूडो नाही म्हणून मी तीनदा सांगितलं. लेक त्यांच्याकडून होती. लागोपाठ चार सहांनी त्यांनी इंग्रजांची 74वी पलटण झोपवली. ती खरोखरीही असई गावासमोर अशीच कापली गेली होती, म्हणून मी गप्प बसलो.

तीन तास मामा खुर्चीवरून उठले नाहीत. चहा दोनदा गार झाला. आणि मामींचा फोन आला तेव्हा म्हणतात काय, "काही नाही गं, जावईबापूंच्या बाहुल्या बघतोय."

बाहुल्या! तीनपत्तीत रात्र घालवणाऱ्याला आपल्याकडे शौकीन म्हणतात. जो दुसऱ्यांची मॅच पाच दिवस बसून बघतो, तो दर्दी. मी 1803 सालच्या पलटणींची बटणं भिंगाखाली रंगवतो, तर ती भातुकली. बरं, हे शिपाई परदेशातून मागवताना कस्टम भरलंय. तिथल्या माणसानंही खोकं उघडून विचारलं होतं, "किती वर्षांचाय मुलगा?"

निघताना मामांनी दिवाणावरून पोलमन उचलला. घोड्यासकट सुपारीएवढा. त्याच्या डगल्यावर माझ्या तीन रात्री गेल्यात. "एवढे आहेत तुमच्याकडे, एक नातवाला नेतो."

मी तोंड उघडेपर्यंत बायको म्हणाली, "न्या की मामा."

सोमवारी फोटो आला. पोलमन प्लास्टिकच्या जेसीबीच्या फावड्यात उताणा पडलाय. खरा पोलमन पुढे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला, तेव्हा बाजू बदलणं त्याला नवं नसावं. तरी मी बायकोला म्हटलं, परत मागूया. ती म्हणाली, "बरं दिसतं का ते?"

डाव अजून दिवाणावर अर्धवट आहे. शिंद्यांच्या पलटणींपुढे मी तूर्त ल्यूडोची हिरवी सोंगटी ठेवलीय. धूर मात्र आईनं काल काढून नेला.