हा डौल नाही, हे दुखणं आहे

सकाळी माहेरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. काळाभोर घोडा, मागचं अंग जमिनीला टेकेल इतकं खाली, आणि पुढचे पाय छातीपर्यंत उचलून आपटत चाललाय. खाली चुलतभावाने लिहिलंय, "टेनेसी वॉकिंग हॉर्स! काय डौल! ताई, तुमच्याकडचाच ना?" त्यावर बदामांची रांग.

हो रे भाऊ, आमच्याकडचाच, इथला अमेरिकेतल्या टेनेसीचा. म्हणून तर चहा गार करून लिहायला बसलेय.

तीन वर्षांपूर्वी माझी मणक्यातली चकती सरकली होती. गाडीत अर्धा तास बसवत नव्हतं. शेजारच्या शेतावरचे म्हातारबाबा म्हणाले, माझ्या घोडीवर बसून बघ. मी शहाद्याची, सारंगखेड्याच्या यात्रेत लहानपणापासून घोडे बघितलेले, पण बसले कधीच नव्हते. याच जातीच्या त्या घोडीने मला कुंपणाच्या कडेने दोन फेऱ्या मारून आणलं. कमरेला एक हिसका नाही! जात्यावर बसलेल्या बाईसारखी लयीत मान हलवत चालत होती. उतरल्यावर बाबांनी चिखलातले ठसे दाखवले. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या वीतभर पुढे पडलेला. चारही पाय वेगवेगळे पडतात, म्हणून पाठीवर धक्का येत नाही. आपले मारवाडी घोडे पाळणारे रेवाल चाल म्हणतात ना, तिची ही बहीणच म्हणा.

ही चाल शिकवावी लागत नाही. शिंगरू आईमागे तसंच चालतं. २०१२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी अशा चालींमागचं जनुकसुद्धा शोधून काढलं. मध्य टेनेसीच्या मोठ्या मळ्यांवर दिवसभर घोड्यावर फिरणाऱ्यांसाठी ही जात तयार होत गेली. (त्या मळ्यांत राबणारे गुलाम होते आणि आरामात बसून फिरणारा मालक किंवा मुकादम. तेही खरंच.)

आणि या जातीचा मूळपुरुष कोण? १८८६ मध्ये केंटकीत जन्मलेला ॲलन. दुडक्या चालीच्या शर्यतीसाठी पैदास केलेला, पण दुडकी त्याला जमेना. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकायचा. नापास! कितीतरी मालक झाले. १९०३ मध्ये टेनेसीतल्या ब्रँटली नावाच्या पैदासकाराने त्याला घेतलं. पुढे १९३५ मध्ये टेनेसीतच लुइसबर्गला पैदासकारांची संघटना झाली आणि मूळ घोड्यांच्या यादीत पहिला क्रमांक या नाकारलेल्या घोड्याला मिळाला.

देवाने एवढं दिलं असताना माणसाला त्याहून जास्त हवं! व्हिडिओतले पाय तसे का उचलले जातात माहितीये? खुराच्या वरच्या नाजूक कातडीला मोहरीचा जहाल अर्क नाहीतर रॉकेल चोळतात, वर प्लास्टिक गुंडाळून ठेवतात, मग तिथेच साखळ्या बांधतात. खुराखाली जाड थरांचे जड बूट. पाय टेकला की आग होते, म्हणून तो झटक्याने वर. त्याला तुम्ही डौल म्हणताय. बदाम पाठवताय!

हे थांबवायला १९७० मध्ये कायदा झाला. तरी टेनेसीतल्याच शेल्बीव्हिल गावी भरणाऱ्या या घोड्यांच्या मोठ्या स्पर्धेत २००६ मध्ये तपासणीत इतके घोडे बाद झाले की त्या वर्षी महाविजेताच ठरला नाही. कडक कायद्याचा मसुदा २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाला, सिनेटमध्ये अडकला. लाज वाटत नाही यांना.

बरं, सगळे मालक असे नाहीत, मान्य. बिनाबुटांचे, साध्या नालेवर घोडे दाखवणारेही पुष्कळ आहेत. आणि आपल्याकडच्या काटेरी लगामांबद्दल मी गप्प बसावं, असंही कुणी म्हणू नये.

पण मला परत परत तीच घोडी आठवते. त्या दिवशी बाबांनी माझा हात तिच्या पुढच्या पायावर ठेवला. खुराच्या वर केस नव्हते, कातडी नांगरलेल्या रानासारखी, सरीवर सरी. स्पर्धेच्या तबेल्यातून आलेली. माझी बोटं लागताच तिने पाय मागे ओढला, मान मात्र माझ्या खांद्याशीच ठेवली. त्या पायांवर तिने मला दोन फेऱ्या फिरवलं होतं, आणि मला एक धक्का लागू दिला नव्हता.

भाऊ, तुझ्यावर राग नाही रे. तुला माहीत नव्हतं. इकडे आलास की तिच्यावर बसवते तुला. पुढच्या पायांना तेवढा हात लावू नकोस.