ड्रम्स नकली वाटतात? लायब्ररी घेण्याआधी मिडी उघडून बघा

घरच्या घरी गाणी करणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचा सारांश असा: सॉफ्टवेअरचे ड्रम्स नकली वाटतात कारण सॅम्पल्स (रेकॉर्ड केलेले एकेक ठोके) स्वस्तातली असतात. तेव्हा सॅम्पल्सची मोठी लायब्ररी विकत घ्या, सगळं ह्युमनाइज करा (ठोके आपोआप थोडे पुढेमागे करणारं बटण), ओव्हरहेड (किटच्या वरचे माइक) आणि रूम (खोलीतला आवाज घेणारे माइक) बंद करून एकेक ड्रम स्वच्छ काढा, किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) गाण्याच्या पट्टीत लावा. एवढं करूनही ड्रम्स लयीत मागे पडत असतील तर लॅपटॉप बदला. पाच सल्ले, त्यातले दोन थेट खिशात हात घालणारे. नकलीपणा बहुतेक वेळा वाजवण्यात (म्हणजे मिडीत: कोणता ठोका कधी आणि किती जोरात याची नोंद) आणि राउटिंगमध्ये (कोणता आवाज कुठल्या चॅनलमधून जातो) असतो, आणि त्या दोन्ही गोष्टी फुकटात दुरुस्त होतात.

लायब्ररीपासून सुरुवात करू. सुपीरियर ड्रमर 3 या ड्रम सॉफ्टवेअरचे आवाज रेकॉर्डिंग इंजिनिअर जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी बेल्जियममधल्या गॅलेक्सी स्टुडिओत रेकॉर्ड केले. मूळ लायब्ररीच 230 जीबीच्या आसपास आहे. एवढी जागा लागते कारण एकाच स्नेअरचे (काठीने वाजणारा, कडक आवाजाचा ड्रम) हळू ते जोरात असे अनेक थर आणि प्रत्येक थरात वेगवेगळे ठोके घेतलेले असतात. आता तुम्ही माउसने नोट्स टाकल्या आणि स्नेअरची व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर; 127 म्हणजे कमाल) सरसकट 127 ठेवली, तर फक्त सगळ्यात वरचा थर वाजणार. बाकीचे थर डिस्कवर नुसते पडून.

उलट स्टीव्हन स्लेट ड्रम्स 5.5 ची फुकट आवृत्ती किंवा एमटी पॉवर ड्रम किट 2 घ्या आणि साधा चार मात्रांचा बार नीट लिहा. आठ हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी), व्हेलॉसिटी अशी: 96, 60, 88, 57, 98, 62, 86, 66. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर 108 आणि 114, आणि चौथीच्या आधी 30 च्या आसपासचा एक हलका ठोका, जेमतेम ऐकू येईल इतका. क्रॅश (मोठी झांज) वाजतो त्या क्षणी हाय-हॅट काढून टाका, कारण तो हात क्रॅशवर गेलेला असतो. टॉम्सचा (किटमधले बाकीचे ड्रम) फिल, म्हणजे भरीचा तुकडा, चालू असताना मागे हाय-हॅट तशीच टिकटिकत राहिली की तीन हातांचा ड्रमर तयार होतो, आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता आलं नाही तरी खटकतंच. उघडी हाय-हॅट (जनरल मिडी या ठरलेल्या क्रमांकांत 46) वाजवलीत तर पुढे बंद हाय-हॅटची 42 किंवा पायाची 44 टाकून ती बंदही करा.

मोठी लायब्ररी निरुपयोगी आहे असं नाही. ब्रश (काठ्यांऐवजी तारांचे झुबके) हवे असतील, जाझचं राइड झांजेवरचं बारीक काम हवं असेल, तर फुकटचे किट लवकर अपुरे पडतात. पण ही तक्रार करणाऱ्यांपैकी ब्रश किती जणांना हवे असतात?

‘सगळं ह्युमनाइज करा’ हा सल्ला मला जास्त त्रासदायक वाटतो, कारण तो अर्धा बरोबर आहे. माणूस ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेषांवर) काटेकोर वाजवत नाही, हे खरं. पण ते बटण प्रत्येक नोटेला फासा टाकून पुढेमागे करतं, आणि ड्रमर फासा टाकून वाजवत नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी जेफ पोर्कारो या अमेरिकन ड्रमरच्या एका गाजलेल्या रेकॉर्डिंगमधली हाय-हॅट ठोक्याठोक्याने मोजली. वेळेतले फरक स्वैर नव्हते. एका ठोक्याचा कल पुढच्या बऱ्याच ठोक्यांशी नातं ठेवून होता. ड्रमर जरा रेलला की काही काळ रेललेलाच राहतो. म्हणून दोन आणि चारवरचे स्नेअर सातत्याने पाच-सात मिलिसेकंद मागे ठेवून बघा, किक ग्रिडवरच राहू द्या. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत सोळाव्याचं (पाव मात्रेचं) अंतर 125 मिलिसेकंद असतं; त्यात प्रत्येक नोट वीस-वीस मिलिसेकंद वाटेल तशी हलली तर तो माणूस नव्हे, अडखळणारा माणूस वाटतो. जमत असेल तर निदान हाय-हॅट तरी कीबोर्डवर बोटाने वाजवून रेकॉर्ड करा.

आता मिक्स. ‘ओव्हरहेड आणि रूम म्यूट करा’ या ओळीने सगळ्यात जास्त गाणी बिघडतात. ओव्हरहेड म्हणजे फक्त झांजांचे माइक नव्हेत. अख्खं किट ऐकू येतं ते तिथेच. स्नेअरच्या जवळचा माइक फटका देतो, तिचं अंग ओव्हरहेड आणि रूममधून येतं. ते काढलंत की उरतो एक कोरडा टकटकाट, मग त्यावर रिव्हर्ब चढवला जातो, आणि मग तक्रार येते की आवाज पत्र्यासारखा झाला. मी उलट क्रमाने करतो: आधी फक्त ओव्हरहेड वर, मग रूम थोडी, मग किक आणि स्नेअरचे जवळचे माइक लागतील तेवढेच.

यात फेज (एकच आवाज वेगवेगळ्या माइकमध्ये जुळून येणं) सांभाळावी लागते. आवाज हवेतून एक मीटर जायला साधारण 2.9 मिलिसेकंद घेतो, म्हणून स्नेअर जवळच्या माइकमध्ये आधी आणि ओव्हरहेडमध्ये जरा नंतर पोचते. चांगल्या लायब्ररीत हे अंतर जसंच्या तसं असतं आणि ते कानाला बरं लागतं. पण तुम्ही ट्रॅक ऑडिओत काढून एखादा पुढेमागे सरकवलात की गणित मोडलं. स्नेअर चॅनलची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका. उलटी केल्यावर खालचा भरीवपणा वाढला तर काहीतरी आधीच चुकलेलं आहे.

स्नेअर बदलताना असाच एक घोळ होतो. जवळच्या माइकवर दुसरं सॅम्पल लावलं, तरी जुनी स्नेअर ओव्हरहेडमधून वाजतच राहते. अनेक सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वाद्याचं ओव्हरहेडमधलं ब्लीड (त्या माइकमध्ये शिरलेला आवाज) वेगळं कमी करता येतं. ते तिथे कमी करा.

आणि ‘एकेक ड्रम वेगळा काढा’ म्हणून मल्टी-आउट केलंत (प्रत्येक ड्रमला वेगळा आउटपुट), तर जुना स्टीरिओ आउटपुटही मास्टरला (शेवटच्या एकत्र चॅनलला) जात नाही ना, ते बघा. तोच सिग्नल दोनदा पोचला तर आवाज 6 डीबीने वाढतो, आणि दोन प्रतींत किंचित अंतर पडलं तर पोकळ होतो. हे शोधायला सगळे वेगळे चॅनल म्यूट करा. तरीही ड्रम्स ऐकू आले तर चोर सापडला. त्यातही तयार प्रीसेटवर बहुधा ईक्यू-कॉम्प्रेशन (आवाजाचा पोत आणि जोर आवरणं) आधीच केलेलं असतं. त्यावर पुन्हा तेच चढवण्याआधी प्लगइनचा आतला मिक्सर एकदा उघडा.

किक पट्टीत लावण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. 808 या ड्रम मशीनसारखी लांब घुमणारी किक असेल तर जरूर लावा, ती बेसचंच काम करते. अकूस्टिक किक क्षणात विझते आणि विझतानाही तिचा सूर खाली घसरतो. बेसशी भांडत असेल तर अर्धा स्वर वरखाली करून कानाने ठरवा.

राहिला लॅपटॉप. आधी उशीर कधी होतो ते बघा. ग्रिडवर लिहिलेली मिडी वाजवताना डीएडब्ल्यू (गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर) बफरचा (आवाज बाहेर पाठवण्याआधी साठवलेल्या तुकड्याचा) हिशेब आधीच धरतं, त्यामुळे तिथे मोठ्या बफरमुळे ड्रम्स इतर ट्रॅकच्या मागे पडत नाहीत. पॅड किंवा कीबोर्ड प्रत्यक्ष वाजवताना मात्र तो जाणवतो: 44,100 च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला इतके नमुने) 128 नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे 2.9 मिलिसेकंद, 1024 चा म्हणजे 23. रेकॉर्ड करताना बफर कमी ठेवा, मिक्स करताना वाढवा, म्हणजे चरचरही थांबते. विंडोजवर इंटरफेसचा (बाहेरच्या साउंड कार्डचा) स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर निवडला आहे ना, ते पाहा. आणि कानात ब्लूटूथ इअरबड्स असतील तर शंभर-दोनशे मिलिसेकंद तिथेच जातात. नवा लॅपटॉप आणलात तरी ते तसेच जातील. वायरचा हेडफोन लावा आणि पुन्हा वाजवून बघा.