जलपाशाचे श्रेय लिओनार्दोचे नव्हे

कालव्यात दोन दरवाजांमध्ये पाणी अडवून, त्याची पातळी कमीजास्त करून नावा वरखाली नेणारा जलपाश, म्हणजेच लॉक, लिओनार्दो दा विंचीने शोधला, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो बरोबर नाही.

चीनमध्ये ९८४ साली छ्याव वेय-य्वे या अधिकाऱ्याने महाकालव्यावर असा दोन दरवाजांचा जलपाश बांधला, कारण त्याआधी धान्याच्या नावा उतारावरून ओढून न्याव्या लागत, त्यात त्या फुटत आणि त्या गोंधळात धान्यही चोरीला जाई. लिओनार्दोने पुढे जिथे काम केले त्या इटलीतील खुद्द मिलानमध्ये कॅथेड्रलचा, म्हणजे मुख्य चर्चचा, संगमरवर वाहून आणण्यासाठी विआरेन्ना येथे सुमारे १४३९ साली जलपाश झाला. लिओनार्दोचा जन्म १४५२ चा.

त्याच्या नावावर सांगितली जाते ती सुधारणा वेगळी आहे, आणि माझ्या मते तीही थोर आहे. उभा वर उचलायचा दरवाजा न ठेवता दोन झडपा वरच्या पाण्याकडे टोक करून मिटवायच्या, म्हणजे पाण्याचा दाबच त्यांना एकमेकींवर घट्ट आवळतो. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की त्या सहज उघडतात. त्याने रेखाटलेले असे दरवाजे आजही जगभर वापरात आहेत. श्रेय द्यायचे तर ते या रचनेपुरते द्यावे, जलपाशाच्या शोधाचे नव्हे.