बागेची खेळणी ‘विनाटेंडर’ आली का? एक खुलासा

गल्लीतल्या ग्रुपवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय: ‘पालिकेने बागेचे झोके, घसरगुंडी टेंडर न काढता थेट दिल्लीच्या पोर्टलवरून घेतले, म्हणजे मलिदा खाल्ला.’ पुढे ढकलण्याआधी हे वाचा.

ते पोर्टल म्हणजे ‘जेम’. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेली सरकारी खरेदीची ऑनलाइन बाजारपेठ. राज्यांची खाती, पालिकाही तिथे खरेदी करतात. रक्कम लहान असेल तर दर ताडून पाहून खरेदी करता येते. मोठी असेल तर तिथेच बोली लावावी लागते. म्हणजे पेपरात जाहिरात दिसली नाही, एवढ्यावरून स्पर्धा झालीच नाही असं ठरत नाही. चार कार्यालयांनी मागणी एकत्र केली तर दर उतरण्याचीही शक्यता असते. लग्नाचा किराणा घाऊक आणतो तसंच.

पण पोर्टलवरून घेतलं म्हणजे सगळं चोख, असंही नाही. बोलीच्या अटी एकाच पुरवठादाराच्या मापाने शिवता येतात. शिवाय पेव्हर ब्लॉक, कंपाउंड, पाण्याची लाइन ही बांधकामाची कामं. त्यांची निविदा वेगळी. खेळणी आणि बांधकाम, दोन्हींची खिचडी करू नका.

खरंच शंका असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका. जेमचा करार, बोलीचा तुलनात्मक तक्ता आणि बांधकामाची मोजमाप पुस्तिका (किती काम झालं याची नोंदवही) मागा. आणि हो, घसरगुंडी पत्र्याची आहे का तेही पाहा. जळगावच्या मे महिन्यात तिच्यावर पोर बसणार कसं?