वॉलेट.डॅट करप्ट झाली म्हणजे बिटकॉइन गेले? फॉरवर्डमधल्या सल्ल्याचा प्रतिवाद

"बिटकॉइन कोअरची वॉलेट.डॅट उघडत नसेल तर नाणी गेली. तरी एकदा सॅल्व्हेज चालवा, बारा शब्द टाकून पाहा. नाहीच जमलं तर रिकव्हरीवाल्याला फाइल पाठवा, पासवर्डशिवाय तो काही करू शकत नाही." हा सल्ला ग्रुपांवर फिरतो आहे. (बिटकॉइन कोअर हा वॉलेट प्रोग्राम, वॉलेट.डॅट ही त्याची किल्ल्या साठवणारी फाइल, सॅल्व्हेज हा खराब फाइलमधून नोंदी वाचवणारा आदेश; बारा शब्द म्हणजे काही वॉलेट्स बॅकअपसाठी देतात ते.) तो पाळून लोक वाचण्याजोगं वॉलेट गमावतील, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

"नाणी गेली." जुनी वॉलेट.डॅट ही बर्कले डीबी या डेटाबेसची फाइल असते आणि बहुधा ४०९६ बाइटच्या पानांत विभागलेली असते. एक पान बिघडलं तरी प्रोग्राम अख्खी फाइल नाकारतो; इतर पानांवरच्या किल्ल्या मात्र शाबूत असतात. वॉलेटला पासवर्ड नसेल तर हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम) ०२ ०१ ०१ ०४ २० हा क्रम शोधा. शेवटचा २० हेक्समधला, म्हणजे ३२. पुढचे तेवढे बाइट हीच प्रायव्हेट की, म्हणजे नाणी खर्च करू देणारी गुप्त किल्ली. तिच्यापासून पब्लिक की (जोडीची उघड किल्ली) काढा. ती नोंदीतल्या पब्लिक कीशी जुळली की किल्ली खरी.

पासवर्ड असेल तर हा क्रम सापडणार नाही. तिथे सगळं 'एमकी' (mkey) या नोंदीवर अवलंबून असतं: ४८ बाइटची कुलूपबंद मास्टर की, ८ बाइटचं सॉल्ट (पासवर्डमध्ये मिसळायचे यादृच्छिक बाइट) आणि फेऱ्यांची संख्या (किमान २५,०००). पासवर्ड आणि सॉल्ट एसएचए-५१२ या गणिती प्रक्रियेतून तितक्या वेळा फिरवले की मास्टर की उघडते, आणि तिने 'सीकी' (ckey) नोंदींतली प्रत्येक किल्ली स्वतंत्रपणे उघडते. म्हणून काही सीकी खराब झाल्या तर तेवढ्याच जातात. एमकी गेली तर अचूक पासवर्डही निरुपयोगी! अशा वेळी जुना बॅकअप शोधा, मात्र तो पासवर्ड लावल्यानंतरचा हवा. मधल्या काळात पासवर्ड बदलला असला तरी चालतं, कारण पासवर्ड बदलल्याने मास्टर की बदलत नाही, फक्त तिच्यावरचं कुलूप बदलतं. बॅकअपमधली एमकी त्या वेळच्या पासवर्डने उघडा आणि तीच मास्टर की खराब फाइलमधल्या सीकींना लावा.

"एकदा सॅल्व्हेज चालवा." आधी नाही. डिस्कच आजारी असेल तर तिच्यावरचं प्रत्येक लेखन धोक्याचं. डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या साधनाने अख्ख्या डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि वॉलेटसोबतचं 'डेटाबेस' फोल्डरही जपा. प्रोग्राम अचानक बंद पडला असेल तर शेवटचे बदल तिथल्या लॉग फायलींत असू शकतात. मग प्रतीवरच, कोअरच्या २५ सारख्या जुन्या आवृत्तीतलं बिटकॉइन-वॉलेट साधन वापरा. ३० व्या आवृत्तीत बर्कले डीबीचा आधार काढला आहे. सॅल्व्हेज फक्त बर्कले डीबीसाठी आहे: फाइलच्या १२ व्या बाइटपासून ६२ ३१ ०५ ०० दिसायला हवं. फाइलची सुरुवातच 'एसक्यूलाइट फॉरमॅट ३' (SQLite format 3; एसक्यूलाइट हा दुसरा डेटाबेस) या अक्षरांनी होत असेल (२०२२ च्या २३ व्या आवृत्तीपासून नवी वॉलेट्स आपोआप अशीच बनतात), तर एसक्यूलाइटच्या कमांड-लाइन साधनातला 'रिकव्हर' आदेश वापरा. शेजारी जर्नल फाइल (अर्धवट बदल मागे घेण्यासाठीची) असेल तर तीही सोबत ठेवा.

"बारा शब्द टाकून पाहा." कोअर असे शब्द देतच नाही. २०१६ च्या ०.१३ आवृत्तीपासूनचं बीज (ज्यातून किल्ल्या बनतात) वॉलेट फाइलच्या आतच असतं.

"फाइल पाठवा, पासवर्डशिवाय तो काही करू शकत नाही." पासवर्ड नसलेली फाइल पाठवणं म्हणजे पैसे पाठवणं. पासवर्ड असलेली फाइलही तो घरी बसून फोडत राहू शकतो. पासवर्ड विसरला असाल आणि शोधायला मदत हवीच असेल, तर सॉल्ट, फेऱ्यांची संख्या आणि कुलूपबंद मास्टर कीचे फक्त शेवटचे ३२ बाइट द्या. पासवर्ड बरोबर आहे का हे शेवटच्या पॅडिंगवरून (ठरावीक भरणा बाइटांवरून) कळतं, त्यामुळे शोधाला तेवढं पुरतं. सीकी नोंदी हाती नसल्याने त्याला खर्च करता येत नाही.