पंधरा लिटरमध्ये फायटर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माशांच्या छोट्या टाकीसाठी जीव कसे निवडावेत, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, जशीच्या तशी ठेवली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की १५ ते २० लिटरच्या टाकीत एकच नर फायटर मासा (बेटा) ठेवा, नाहीतर मासा नकोच, फक्त चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) आणि गोगलगायी ठेवा. तुमचं म्हणणं असं की ४० लिटरच्या खाली मासा ठेवूच नये, फायटर श्रिंप खातो, आपल्या उन्हाळ्यात एवढंसं पाणी तापतं, आणि मी देशी मासे सोडून परदेशी का सुचवले. चारही मुद्दे बोलण्यासारखे आहेत. पण त्यांच्या आधी तुम्ही हे वाक्य लिहिलंत: "पंधरा लिटरमध्ये मासा ठेवा म्हणणाऱ्याला माशांबद्दल प्रेम नसतं, त्याला टेबलावर शोभेची वस्तू हवी असते, आणि अशा लेखांमुळेच दुकानदारांचं फावतं."

मतभेदाचं मला वावडं नाही. 'तुमचा आकडा कमी वाटतो' एवढं लिहिलं असतंत तर मी कारणं दिली असती आणि विषय तिथेच मिटला असता. तुम्ही थेट माझ्या हेतूवर घसरलात, तेही टोपणनावाआडून. मी इथे स्वतःच्या नावाने लिहितो. टाक्यांचे फोटो टाकतो, त्यात शेवाळ धरलेल्या काचाही दिसतात. माशांचं अन्न, फिल्टर, औषध, कशाचीही जाहिरात मी घेत नाही. मग दुकानदाराचं नेमकं काय फावलं, ते तुम्ही सांगायला हवं होतं.

दुकान मला आतून माहीत आहे. कॉलेजात असताना संध्याकाळी मी मासे विकणाऱ्या एका दुकानात काम करायचो. पिशवीत मासे भरून रबर लावायचं, काचा पुसायच्या, शटर ओढण्याआधी मेलेले मासे जाळीने काढायचे. रविवारी आईवडील मुलांना घेऊन यायचे आणि गोल बाऊल, रंगीत खडे, दोन गोल्डफिश घेऊन जायचे. कुणाला वास्तूसाठी आठ लाल आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश हवे असत, आणि टाकी मात्र टीव्हीशेजारी मावेल एवढीच. गोल्डफिशच्या गुबगुबीत जातीसुद्धा १५ सेंटिमीटरच्या पुढे वाढतात, साधा लांब गोल्डफिश ३० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. नीट सांभाळला तर तो दहा वर्षांहून जास्त जगतो. बाऊलमध्ये आठवडाभरात उलटा तरंगायचा. मग तीच माणसं परत यायची, 'पाणी मानवलं नाही' म्हणायची आणि आणखी दोन घेऊन जायची. वर काच साफ करायला म्हणून सकर दिला जायचा. हाताच्या बोटाएवढा दिसणारा तो मासा फूटभर लांब होतो आणि टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला नदीत, तळ्यात सोडून मोकळे होतात. आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात सकर येतात, ते असेच कुणाच्या तरी हॉलमधून निघालेल्यांचे वंशज आहेत.

फावतं ते हे. एकाच माशाला स्पंज फिल्टर द्या, हीटर द्या, झाकण द्या, आणि मासा आणण्याआधी टाकी महिनाभर माशाविना, चिमूटभर अन्न टाकत चालवा, असं सांगणाऱ्या लेखाने कुठल्या दुकानाचा गल्ला भरतो? त्या महिनाभरात वाळूत आणि स्पंजमध्ये जिवाणू बसतात. ते माशाच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. छोट्या टाकीत हे घडून आलेलं नसेल तर मासा कोणताही आणा, तो भाजतो, कल्ल्यापासून भाजतो. मूळ लेखातला सर्वांत लांब परिच्छेद यावर आहे. तुमच्या प्रतिक्रियेत त्याबद्दल एक अक्षर नाही, त्यामुळे तुम्ही तिथपर्यंत वाचलंत का, असा प्रश्न मला पडतो.

आता फायटरच का. छोट्या टाकीसाठी जीव निवडताना लोक त्याची लांबी बघतात. 'एक इंच मासा, एक गॅलन पाणी' हा जुना हिशोब त्यातूनच आला, आणि तो फसवा आहे. झेब्रा डॅनियो जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पण दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट पोहतो. त्याला लिटर कमी चालतील एक वेळ, लांबी कमी चालत नाही. नियॉन टेट्राही तेवढाच, पण तो थव्याचा प्राणी. दोन-तीनच ठेवले तर कोपऱ्यात दबून बसतात, रंग उतरतो. गप्पीची मादी महिन्या-महिन्याला पिल्लं देते आणि एकदा नराशी संग झाला की पुढची कित्येक वेतं तेवढ्यावर काढते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी महापालिका गप्पी वाटते ते याच गुणामुळे, आणि १५ लिटरच्या टाकीत तो नको तोही याच गुणामुळे. मी विचारतो ते वेगळंच: हा प्राणी दिवसभर काय करतो, आणि ते त्याला एवढ्या जागेत करता येईल का?

फायटर थायलंडकडचा. भातखाचरं, दलदल, झाडोऱ्याने गच्च भरलेलं उथळ, संथ पाणी हे त्याचं घर. नर आपला इलाखा धरून राहतो, दुसऱ्या नराला येऊ देत नाही, पानाखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो. थव्यात तो राहत नाही, लांबच्या फेऱ्या मारत नाही. आपल्याकडे मिळतात ते तर लांब पंखांचे, माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेले. मोठ्या टाकीत फिल्टरच्या प्रवाहाशी झगडून ते दमतात, पंख फाटून घेतात, हे मी माझ्याच टाकीत पाहिलं आहे. झाडांनी भरलेल्या, पाणी संथ असलेल्या १८-२० लिटरच्या टाकीत तो दिवसभर हिंडतो, अनुबियाच्या पानावर टेकतो, माणूस जवळ आला की पुढे येतो. माझ्या घरात अशी टाकी वर्षानुवर्षं आहे आणि तिच्यातले फायटर म्हातारे होऊन गेलेत. माझं प्रेम तुम्हाला मोजायचंच असेल तर त्या माशांवरून मोजा.

दुकानदार सांगतात की फायटर वरची हवा घेतो, त्याला ग्लासातसुद्धा चालतं. तो हवा घेतो हे खरं, त्यासाठी त्याच्या डोक्यात वेगळं इंद्रिय आहे. पण त्याने अमोनिया पचत नाही आणि थंडी सोसत नाही. त्याला २५ ते २७ अंश लागतात. पुण्यात डिसेंबरच्या रात्री खोलीतलं छोट्या टाकीचं पाणी पहाटेपर्यंत १८-१९ वर येतं, म्हणून मी २५ वॅटचा हीटर लिहिला. ग्लासात फायटर ठेवणाऱ्यांच्या विरोधात मी इतकं लिहिलं, आणि तुम्ही मला त्यांच्याच रांगेत उभं केलंत!

तुमचा ४० चा आकडा कुठून आला तेही बघू. तो जवळजवळ दहा गॅलन होतो, म्हणजे अमेरिकेत सर्रास मिळणारी लहान टाकी. तो दुकानातल्या काचेच्या मापाचा आकडा आहे. माशाची गरज मोजून कुणी तो काढलेला नाही. पाणी जितकं जास्त तितकं स्थिर, यावर माझा वाद नाही, मूळ लेखाचं पहिलं वाक्यच ते आहे. पण वाळू, दगड, पाणी धरून ती टाकी ५० किलोच्या पुढे जाते. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर ती बसत नाही. त्याला 'मासा पाळूच नकोस' म्हणालात तर तो दुसऱ्या दुकानात जाईल, आणि तिथे त्याला बाऊल मिळेल. दुकानात उभं राहून हे मी पुन्हा पुन्हा बघितलं आहे. तुम्ही बघितलं नसेल.

एक गोष्ट तुमची मान्य करतो. ३० × २० × २५ सेंटिमीटरची टाकी हिशोबाने १५ लिटरची, पण वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ११-१२ लिटरच उरतं. मी टाकीचं माप लिहिलं होतं, पाण्याचं नाही. म्हणून लेखात आता भर घातली आहे: फायटरसाठी प्रत्यक्ष पाणी किमान १५ लिटर, त्याहून कमी असेल तर फक्त श्रिंप.

बाकीच्या मुद्द्यांवर फार बोलत नाही. फायटर श्रिंपची पिल्लं खातो, म्हणूनच मी 'किंवा' लिहिलं होतं, 'आणि' नाही. तो शब्द तुम्ही गाळून वाचलात. उन्हाळ्यात झाकण काढून जाळी लावा आणि पाण्यावर छोट्या पंख्याचा वारा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. विदर्भातल्या वाचकांनी मे महिन्यात नवी टाकी लावू नये. देशी माशांचं म्हणाल तर केरळातला पी पफर ३ सेंटिमीटरचा आणि गोंडस, पण दुसऱ्यांचे पंख कुरतडतो आणि मुख्यतः नद्यांतून पकडून आणला जातो. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत त्याची जात असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे. तो नवशिक्याला सुचवायला माझी जीभ रेटत नाही. ईशान्येकडचा स्कार्लेट बॅडिस जिवंत अन्नाशिवाय सहसा तोंड उघडत नाही. देशी आहे एवढ्यावरून जीव टाकीला योग्य ठरत नाही.

तुमची टाकी केवढी आहे, तिच्यात काय आहे, किती काळ आहे, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. ते लिहा, मी वाचेन. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते सांगणारी प्रतिक्रिया पुन्हा आली तर मात्र मी उत्तर देणार नाही.

खाली एका ताईंनी श्रिंपच्या टाकीत तांब्याच्या हंड्यातलं पाणी चालेल का, असं विचारलं आहे. ताई, नको. तांबं श्रिंपला फार थोड्या प्रमाणातही विषारी असतं. माशांच्या काही औषधांतही ते असतं, तेव्हा बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय एक थेंबही टाकू नका. नळाचं पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत क्लोरिन काढायचे थेंब घालून ठेवा, तेच वापरा.