आयत्या पिठावरच्या रेघोट्या?

गेले काही महिने एक मजकूर शाळेच्या, नात्यातल्या, सोसायटीच्या अशा सगळ्या ग्रुपवर फिरतो आहे. शब्द थोडे इकडेतिकडे, आशय तोच: 'अरबांनी विज्ञानात स्वतःचं काही केलं नाही. खलिफाच्या हुकमावरून बगदादच्या ज्ञानगृहात ग्रीक पुस्तकांचे तर्जुमे झाले, ते जपून ठेवले आणि पुढे युरोपच्या हवाली केले. ते नसते तर युक्लिड आणि टॉलेमी कायमचे गेले असते, एवढं श्रेय जरूर द्या. पण ते ज्ञानाचे हमाल होते, ज्ञानी नव्हेत.'

गंमत म्हणजे अरबांची टिंगल करणारेही हा मजकूर पाठवतात आणि कौतुक करणारेही. एकाला 'हमाल' हा शब्द आवडतो, दुसऱ्याला 'ते नसते तर' हा तुकडा. मला यातला एकही तुकडा धड वाटत नाही. का ते सांगायला सगळा इतिहास मांडायची गरज नाही, एक माणूस पुरेसा आहे: नवव्या शतकातला गणिती आणि भाषांतरकार साबित इब्न कुर्रा. नाव परकं वाटलं तरी अर्थ आपल्या ओळखीचा आहे. कोर्टात गुन्हा 'शाबीत' होतो, तोच हा शब्द.

'अरबांनी...'

साबित अरब नव्हता आणि मुसलमानही नव्हता. तो हर्रानचा. हे गाव आज तुर्कस्तानात, सीरियाच्या सीमेजवळ आहे. चंद्रदेवतेची पूजा तिथे इस्लाम येऊनही कित्येक पिढ्या चालू होती आणि साबित त्याच ग्रहपूजक साबियन पंथाचा होता. घरची भाषा सिरियाक, ग्रीक उत्तम, अरबी लिहिण्याची. आपल्या पंथाचा त्याला चांगलाच अभिमान होता. शहरं वसवली, बंदरं बांधली, वैद्यक शोधलं ते आम्ही मूर्तिपूजकांनीच, अशा अर्थाचा त्याचा एक सिरियाक उतारा तेराव्या शतकातल्या एका ख्रिस्ती बिशपाने उतरवून ठेवला म्हणून आपल्यापर्यंत आला. असं लिहिणारा माणूस पुढे खलिफा अल-मुतादिदच्या खास बैठकीत बसत असे. ज्यांच्याबरोबर त्याने काम केलं ते भाषांतरकार हुनैन इब्न इशाक आणि त्याचा मुलगा इशाक नेस्टोरियन ख्रिस्ती. तेव्हा 'अरबी भाषेतलं विज्ञान' म्हणा, 'अरबांचं' म्हणताना जरा जपून.

'खलिफाच्या हुकमावरून, ज्ञानगृहात...'

बैत अल-हिकमा, म्हणजेच ज्ञानगृह, हे नाव कानाला भारदस्त लागतं आणि डोळ्यांपुढे विद्यापीठ उभं राहतं. प्रत्यक्षात तो राजवाड्यातला ग्रंथसंग्रह होता. ग्रीक पुस्तकांची भाषांतरं तिथे बसून होत, याला त्या काळातला भक्कम पुरावा नाही. काम चालायचं ते पैसेवाल्या हौशी माणसांच्या खर्चाने.

साबितचं उदाहरण घ्या. परंपरा सांगते की तो हर्रानमध्ये सराफ होता (हाही अरबी शब्द, आपल्या प्रत्येक गावाच्या पेठेत पाटीवर सापडेल). बनू मूसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन भावांपैकी थोरला मुहम्मद ग्रीक मुलखातून परतताना त्याला भेटला, त्याची भाषा ऐकून थक्क झाला आणि त्याला बगदादला घेऊन गेला. हे भाऊ स्वतः गणिती होते. हुनैन, साबित आणि इतर भाषांतरकारांवर ते महिन्याला सुमारे 500 दिनार खर्च करत, अशी नोंद आहे. दिनार सव्वाचार ग्रॅम सोन्याचा, म्हणजे महिन्याला दोन किलोंहून जास्त सोनं! हमालीचा एवढा दर कुठे ऐकलाय?

'नुसते तर्जुमे केले'

मजकुरातलं सगळ्यात फसवं वाक्य हेच, म्हणून इथे थोडं थांबतो. 'नुसतं भाषांतर' म्हणणाऱ्याच्या मनात असं चित्र असतं की एका बाजूला छापील ग्रीक पुस्तक उघडं आहे, दुसऱ्या बाजूला कोरा कागद. पण छापील पुस्तक होतंच कुठे? होत्या त्या हाताने उतरवलेल्या, कुठे फाटलेल्या, कुठे चुकलेल्या प्रती. हुनैनने आपल्या कामाचा हिशेब लिहून ठेवला आहे. गेलन या ग्रीक वैद्याच्या एका ग्रंथासाठी तो इराक, सीरिया, पॅलेस्टाईन, इजिप्त पालथं घालत अलेक्झांड्रियापर्यंत गेला आणि हाती आलं काय, तर दमास्कसमध्ये जेमतेम अर्धं पुस्तक. दुसऱ्या एका पुस्तकाचं भाषांतर त्याने विशीत एका भ्रष्ट प्रतीवरून केलं होतं. चाळिशीत, बऱ्याच प्रती जमल्यावर, त्याने त्या एकमेकींशी ताडून आधी शुद्ध ग्रीक पाठ तयार केला आणि मग भाषांतर पुन्हा तपासलं. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ ठरवणाऱ्यांना कोणी हमाल म्हटल्याचं आठवत नाही.

गणितात आणि खगोलशास्त्रात तर अडचण दुप्पट. ग्रीक लोक आकडे अक्षरांनी लिहीत. आल्फा म्हणजे 1, डेल्टा म्हणजे 4, लॅम्डा म्हणजे 30. ही तिन्ही मोठी अक्षरं जवळजवळ सारख्या त्रिकोणी आकाराची. नकलाकाराची एक आडवी रेघ राहिली की 4 चे 30 झाले आणि ग्रह भलत्याच जागी गेला. टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट' या खगोलशास्त्राच्या ग्रंथात अशी कोष्टकांवर कोष्टकं आहेत. इशाकने त्याचं भाषांतर केलं, पण गणित हा त्याचा प्रांत नव्हता, म्हणून ते साबितने तपासून दुरुस्त केलं. युक्लिडच्या 'मूलतत्त्वे' या भूमितीच्या ग्रंथाचंही तसंच. कोष्टकातला चुकलेला आकडा शब्दकोशात बघून सापडत नाही. तो पुन्हा गणित मांडूनच पकडावा लागतो.

आणि ग्रीक गणिती अपोलोनियसचं 'शंकुच्छेद' घ्या, शंकू कापून मिळणाऱ्या लंबवर्तुळासारख्या वक्रांवरचं पुस्तक. बनू मूसांच्या हाती आलेली प्रत इतकी बिघडलेली होती की त्यांना ती उमगेना. तेव्हा धाकट्या हसनने आधी दंडगोल तिरका कापला की लंबवर्तुळ कसं मिळतं, याचा स्वतंत्र अभ्यास केला. पुढे मधल्या अहमदला सीरियात पहिल्या चार भागांची बरी प्रत मिळाली आणि कुलूप उघडलं. ते चार भाग हिलाल अल-हिम्सीने अरबीत आणले, पाच ते सात साबितने. क्रम पाहिलात? आधी गणित, मग भाषांतर.

'स्वतःचं काहीच केलं नाही'

कागद-पेन्सिल घ्या. 220 ला पूर्ण भाग जाणाऱ्या, तिच्याहून लहान संख्या: 1, 2, 4, 5, 10, 11, 20, 22, 44, 55, 110. बेरीज 284. आता 284 च्या घ्या: 1, 2, 4, 71, 142. बेरीज 220. अशा जोडीला मित्रसंख्या म्हणू. ही एक जोडी ग्रीकांना माहीत होती, पण जोड्या शोधायच्या कशा याचा नियम कोणीच दिला नव्हता. साबितने त्याचं कारण सांगून ठेवलं आहे: युक्लिड आणि निकोमाकस या ग्रीक गणितींनी परिपूर्ण संख्यांबद्दल (ज्यांच्या लहान भाजकांची बेरीज तीच संख्या येते, जशी 6 = 1 + 2 + 3) लिहिलं, मित्रसंख्यांकडे दोघांनीही पाहिलं नाही. निकोमाकसचं भाषांतर त्याने स्वतःच केलं होतं, त्यामुळे मोकळी जागा त्यालाच दिसली.

त्याचा नियम असा. 3 पासून दुप्पट करत चला: 3, 6, 12, 24, 48. प्रत्येकातून 1 काढा: 2, 5, 11, 23, 47. शेजारच्या दोन घ्या, 5 आणि 11. ज्यांतून त्या आल्या त्या 6 आणि 12 चा गुणाकार 72, त्यातून 1 काढला की 71. तिन्ही मूळ संख्या असतील तरच पुढे जायचं. 12 म्हणजे 3 गुणिले 4, तो 4 उचला. 4 × 5 × 11 = 220 आणि 4 × 71 = 284. आता 11 आणि 23 घेऊन बघा: 12 × 24 मधून 1 काढला की 287, म्हणजे 7 × 41, इथे अडलं. 23 आणि 47 ला मात्र 1151 येतात, ती मूळ संख्या आहे, आणि जोडी मिळते 17296 आणि 18416. साबितने नियम नुसता सांगितला नाही, युक्लिडच्या पद्धतीने सिद्ध केला. ही मोठी जोडी 1300 च्या सुमारास इराणच्या कमालुद्दीन अल-फारिसीने त्याच नियमावरून काढली. फ्रान्समध्ये फर्माला ती 1636 मध्ये पुन्हा सापडली.

खगोलशास्त्रातही 'जसंच्या तसं' राहिलं नाही. सूर्य वर्षभरात ज्या जागी सर्वांत संथ दिसतो ती जागा टॉलेमीने 65 अंश 30 कलांवर कायमची ठोकून ठेवली होती. हर्रानच्याच मुलखातल्या अल-बत्तानीने रक्का इथे कित्येक वर्षं वेध घेतले आणि तीच जागा 82 अंश 17 कलांवर मोजली. ताऱ्यांच्या सरकण्याचा वेग टॉलेमीने शंभर वर्षांत एक अंश धरला होता, बगदादच्या वेधकऱ्यांनी तो 66 वर्षांत एक अंश केला. खरा आकडा 72 च्या जवळ, म्हणजे हेही थोडे चुकले, पण टॉलेमीच्या मानाने कमी.

इथे कौतुकवाल्यांनाही एक टोचणी. साबितने (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या) वर्षाची लांबी 365 दिवस 6 तास 9 मिनिटं 12 सेकंद काढली, आजच्या आकड्याशी फरक दोनेक सेकंदांचा, असं मोठ्या अक्षरांत फिरतं. कोपर्निकसनेही हा आकडा साबितच्या नावे दिला आहे. पण ज्या पुस्तिकेत तो आहे ती साबितची की बनू मूसांची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माणसाचं पारडं तेवढ्याने हलकं होत नाही, तेव्हा उगाच वजन टाकू नका.

'ते नसते तर सगळं गेलं असतं'

अर्धसत्य. कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) ग्रीक प्रती उतरवणं चालूच होतं. 888 मध्ये तिथे अरेथास नावाच्या विद्वानाने 14 सुवर्णनाणी मोजून करवून घेतलेली युक्लिडची प्रत आज ऑक्सफर्डला आहे. तेव्हा साबित बगदादेत हयात होता. युक्लिड वाचलाच असता. अपोलोनियसचे पाच ते सात भाग मात्र ग्रीकमध्ये उरलेलेच नाहीत, ते फक्त अरबीत आहेत. धूमकेतूवाल्या हॅलीने 1710 मध्ये 'शंकुच्छेद' छापलं तेव्हा हे तीन भाग त्याला अरबीवरूनच लॅटिनमध्ये आणावे लागले. आठवा भाग अरबीतही नाही.

'युरोपच्या हवाली केले'

कोणी हवाली वगैरे केलं नाही. इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड 'अल्माजेस्ट'च्या शोधात स्वतः स्पेनमधल्या टोलेडोला गेला, अरबी शिकला आणि 1175 मध्ये भाषांतर पुरं केलं. साबितचं तराजूच्या काट्यावरचं पुस्तकही त्यानेच लॅटिनमध्ये नेलं.

शिवाय वाट एकट्या युरोपकडेच जात नव्हती. साबितने दुरुस्त केलेला युक्लिड तेराव्या शतकात नसीरुद्दीन अल-तूसीने नव्याने मांडला. तूसीची ती अरबी प्रत सवाई जयसिंहाच्या दरबारात आली आणि अठराव्या शतकात जगन्नाथ सम्राटाने ती 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणली. हे संस्कृत पुस्तक 1901-02 मध्ये मुंबईत छापलं गेलं. त्यात त्रिकोणाच्या कोपऱ्यांना 'अ, क, ख' अशी नावं नाहीत. ग्रीकांचे आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अरबीत अलिफ, बा, जीम, दाल झाले होते, म्हणून संस्कृत त्रिकोण आहे 'अबज' आणि चौकोन 'अबजद'.